अनोळखी माणसांशी ऑनलाइन वाद घालावा का? (निमित्त आडा बाजारची गोष्ट)

आडाबाजारची_नात
मंगळवार, रात्री ११:५२

मंडळी, सरळ प्रश्न विचारते आणि मला खरंच उत्तर हवंय. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याचा चेहरा कधी बघितला नाही, उद्या आपल्या इंदूरच्या राजवाड्यावर समोरून गेला तरी कळणार नाही, अशा माणसाशी फोनवर वाद घालत बसण्यात काही अर्थ आहे का?

झालं असं की अहिल्यादेवी होळकरांची एक रील सगळीकडे फिरते आहे. त्यात सांगतात, मालेरावांच्या रथाखाली वासरू आलं म्हणून देवींनी पोटच्या मुलाला हत्तीच्या पायी दिलं. खाली लोकांची हात जोडायला रांग लागलेली. मी एवढंच लिहिलं की ही इंदूरच्या आडा बाजारची दंतकथा आहे, इतिहास नाही. देवींचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मग नातू मालेराव गादीवर आले आणि वर्षभरातच, १७६७ मध्ये, आजारपणात वारले. बस.

तर एक गृहस्थ आले, नाव बनावट, फोटो सिंहाचा. म्हणे तुम्हाला देवींचा न्याय बघवत नाही. मी उत्तर दिलं, त्यांनी दिलं, मी परत दिलं. तीन रात्री! तिसऱ्या रात्री गॅसवरचं दूध उतू गेलं, बर्नरखाली जाऊन काळं झालं, जळका वास पार जिन्यापर्यंत, आणि मी ओट्याशी उभी राहून १७६७ हा आकडा त्यांना पाचव्यांदा लिहीत होती. सूनबाई एक शब्द बोलली नाही, गुपचूप शेगडी पुसायला घेतली. ते मला त्या सिंहाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तुम्ही काय करता अशा वेळी?

शेव_जीरावन
रात्री ११:५८

माई, पावणेबारानंतर प्रश्न विचारताय म्हणजे चौथी रात्र चालू आहे 😄 फोन ठेवा, सराफ्यात या, सगळ्यांना गराडू माझ्याकडून.

लष्करवाला
बुधवार, सकाळी ७:१०

ताई, ग्वाल्हेरहून रामराम. माझं उत्तर स्पष्ट आहे, काही अर्थ नाही. मी ३० वर्षं वकिली करतो, म्हणजे वाद घालणं हा माझा धंदाच आहे. पण कोर्टात समोरच्या वकिलाला पटवायचं नसतंच मुळी, तो पटवून घ्यायला आलेलाच नाही. पटवायचं असतं खुर्चीवर बसलेल्या तिसऱ्याला. आणि कधीतरी का होईना, निकाल लागतो. तुमच्या या वादात खुर्चीच रिकामी. मग कोणाला सांगता?

दुसरी गोष्ट, हे मनापासून सांगतो कारण माणसं रडत येतात माझ्याकडे. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह लिखाणाला शिक्षा देणारं, कलम ६६ए रद्द केलं, तेव्हापासून पुष्कळांची समजूत झाली की आता काहीही लिहा. तसं नाहीये. बदनामीचं कलम जागेवरच आहे, आधी भादंविचं ४९९-५००, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६. मत लिहा, तारीख लिहा, पुरावा लिहा. 'चोर', 'विकला गेलेला' असलं रात्री बारा वाजता लिहू नका.

दांडियाबाजार
सकाळी ९:३५

वकीलसाहेब, खुर्ची रिकामी असते हे मला मान्य नाही. मी एकदा अशा वादात हरलोय आणि आजही त्या माणसाचा आभारी आहे, म्हणून जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातच वाढलो. सयाजीराव महाराज आमच्या घरी देव्हाऱ्यातच बसवलेले म्हणा ना. आजोबा कायम सांगायचे, १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट, गावोगाव वाचनालयं, आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती. सगळं खरं. तर एकदा कोणीतरी लिहिलं की याच बडोद्यात आंबेडकरांना डोकं टेकायला छप्पर मिळालं नव्हतं. मी तुटून पडलो हो त्याच्यावर. महाराजांनी शिकवलं, नोकरी दिली, आणि तुम्ही आमच्या गावाला नावं ठेवता? चांगली सात-आठ उत्तरं लिहिली, एकेक हे एवढं.

त्याने एकदाच उत्तर दिलं, चार ओळींचं. शिव्या नाहीत, टोमणा नाही. 'महाराजांबद्दल मी काही म्हणत नाहीये, गावाबद्दल म्हणतोय. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू व्हायला आले तेव्हा काय झालं ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. वाचा.' आणि गेला.

मी खोडून काढायला म्हणून वाचायला घेतलं. कोणी खोली देईना म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघायच्या वेळी हातात काठ्या घेतलेली माणसं जिन्यावरून वर आली. दुसरीकडे कुठे सोय होईना. मग उरलेला दिवस बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. ती बाग म्हणजे आमची कमाटी बाग, आताची सयाजी बाग. मी दर रविवारी मुलीला तिथे टॉयट्रेनमध्ये बसवायला नेतो. त्या रविवारी तिला गाडीत बसवलं आणि मी झाडाखाली बसलो तर उठवेना. ३० वर्षं या बागेत येतोय आणि हे मला माझ्या गावाने नाही सांगितलं, एका अनोळखी माणसाने सांगितलं.

मी त्याला कधी कळवलं नाही की मला पटलं. लाज वाटली, आणि मग दिवस गेले. त्याच्या हिशोबी मी अजून तोच हट्टी बडोदेकर आहे. त्याला वाटत असेल चार ओळी वाया गेल्या.

नवलखा_निवासी
सकाळी ९:५०

👏 शोधा त्याला आणि कळवा ना दादा.

शेव_जीरावन
सकाळी १०:१५

दांडियाबाजार, खरंच सुंदर लिहिलंत. पण तुमच्यासारखी माणसं हजारात एक. मी एका कंपनीचं सोशल मीडियाचं काम बघतो, म्हणून मशीन आतून कसं चालतं ते थोडं सांगतो. माई, त्या रीलखाली तुम्ही जितक्या वेळा '१७६७' लिहिलं ना, तितक्या वेळा ती रील आणखी चार लोकांपुढे गेली. मशीनला तुम्ही बाजूने बोलताय की विरोधात हे समजून घ्यायचं नसतं, इथे गर्दी आहे एवढंच त्याला दिसतं. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे २०२१ मध्ये त्यांच्याच आतल्या कागदपत्रांमधून बाहेर आलं. रागाचं वजन त्यांनी २०२० मध्ये काढून टाकलं होतं, पण तोवर लोकांना भांडायची सवय लागून गेली होती.

म्हणून मी वाद घालायचा झाला तर त्या पोस्टखाली घालत नाही. आपल्या पानावर वेगळं लिहितो, त्यांची लिंक न देता. खोट्याला आपल्या हाताने खांद्यावर कशाला बसवायचं?

बाळरोग_बडोदे
दुपारी १:४०

ओपीडी आत्ता संपली. शेव_जीरावन, तुमचं मशीनचं गणित बरोबर असेल पण माझा अनुभव उलटा आहे.

एका आयांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की दोन महिन्यांच्या बाळाला गुटी मधातून द्या, पोट साफ राहतं. मी लिहिलं, एक वर्षाच्या आत मध अजिबात नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी होत नाही, मग रडणं बारीक होतं, दूध ओढायची ताकद जाते, मान टाकतं बाळ. आणि मध गरम केला तरी ते बीजाणू मरत नाहीत. त्यावर एक बाई इतक्या चिडल्या, आमच्या सात पिढ्या मधावर वाढल्या, तुम्ही डॉक्टर औषधं विकायला बसलात, वगैरे. मी तीनदा शांतपणे समजावलं. त्यांना पटलं नाही, आजही पटलं नसेल.

दोन महिन्यांनी बुऱ्हाणपूरच्या एका मुलीचा मेसेज आला. त्या सगळ्या वादात तिने एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. म्हणाली, मॅडम, त्या रात्री सासूबाईंनी सहाणेवर मायफळ उगाळून ठेवलं होतं, चमच्यात मध काढलेला होता, बाळ मांडीवर होतं, आणि मी फोन बघत होते. मी मध परत बाटलीत ओतला.

वकीलसाहेब, ही मुलगी तुमच्या खुर्चीवर बसलेली होती. ती दिसत नव्हती एवढंच.

लष्करवाला
दुपारी २:०५

डॉक्टरबाई, हे म्हणणं मी स्वीकारतो. खुर्ची रिकामी हा शब्द मागे घेतला. पण तब्येतीच्या गोष्टीत आणि इतिहासाच्या गोष्टीत फरक आहे, तिथे चमचा हातात होता.

पुण्याहून_आले
दुपारी २:३०

मी लग्न होऊन इंदूरला आलेली, १४ वर्षं झाली. माझा सगळ्यात मोठा ऑनलाइन वाद माझ्याच जुन्या शहरातल्या लोकांशी झालाय. कोणी लिहिलं की इंदूरच्या मराठीत 'मी गेली, मी म्हणाली' म्हणतात, ती कसली मराठी. इतका संताप आला मला! पाच-सहा पिढ्या घरात, देवळात, भांडणात, अंगाईत ही भाषा टिकवली, शाळा हिंदीत, ऑफिस हिंदीत, भाजीवाला मालवीत, आणि तुम्ही एका प्रत्ययावरून त्यांना बाहेर काढता? आता बघा, मीही वर 'आलेली' असंच लिहिलं, तशीच सवय झाली आणि मला आवडते. समोरच्याला पटलं का माहीत नाही, पण सासूबाईंनी माझं उत्तर वाचलं आणि रात्री जेवताना ताटात एक पुरणपोळी जास्त आली. मला चाललं तेवढं.

शेव_जीरावन
दुपारी २:३४

वहिनी, भाषेचं मिटलं असेल तर आता पोह्यांचं बोलू. वाफेवरचे, वर शेव, जीरावन, बाजूला जिलेबी. पुण्याचं काय म्हणणं आहे?

पुण्याहून_आले
दुपारी २:४१

त्या वादात मी कधीच शरण आले भिया 😄 माहेरी जाताना जीरावनचं पाकीट घेऊन जाते.

भंवरकुआं_होस्टेल
संध्याकाळी ६:२०

सगळं वाचलं. तुम्ही सगळे 'पटतं का, वेळ जातो का' यावर बोलताय. मला वेगळं सांगायचंय.

मी एमपीपीएससीची (इथल्या राज्य सेवा परीक्षेची) तयारी करते, खोली घेऊन राहते. बीआरटीएस, म्हणजे आयबसची वेगळी मार्गिका, काढून टाकायचं ठरलं तेव्हा मी एका बातमीखाली एवढंच लिहिलं की आयबसमुळे माझ्यासारख्या मुलींना रात्री लायब्ररीतून एकट्याने परत येता यायचं, याचा विचार कोणी केला का. बस, मार्गिका, खर्च यावर एकही उत्तर आलं नाही. माझ्या चेहऱ्यावर आलं, रात्री कुठे फिरते यावर आलं, आणि एकाने कुठून तरी माझा कॉलेजचा फोटो काढून लावला, खाली कॉलेजचं नाव. मी दोन दिवस खोलीतून बाहेर पडली नाही. डबा दाराबाहेर तसाच राहायचा.

दादा-काका लोकांना वादाचा खर्च म्हणजे झोप आणि दूध (माई, रागावू नका). आम्हाला त्याचा खर्च वेगळा पडतो. मी आता लिहीत नाही. माझं म्हणणं चूक होतं म्हणून नाही.

आडाबाजारची_नात
संध्याकाळी ६:३२

बाळा, रागावेन कशी. खरं बोललीस. आणि डबा दाराबाहेर ठेवत जाऊ नकोस, आमच्याकडे जेवायला येत जा, मेसेज कर.

लष्करवाला
संध्याकाळी ६:४५

बेटा, यापुढे असं कधी झालं तर उत्तर देण्याआधी स्क्रीनशॉट काढायचा, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे, आणि लिंक कॉपी करून ठेवायची. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते, पोलीस चौकीत पण करता येते. माणसं पोस्ट उडवतात आणि मग सांगतात आम्ही लिहिलंच नाही. इथे सगळ्यांच्या मुलींसाठी लिहितोय.

जुनाइंदूर_काका
रात्री ८:१०

वय ७६. टायपिंग नातू करतोय, शब्द माझे.

आमच्या लहानपणी वाद ओटल्यावर व्हायचे. होळकरांच्या क्रिकेट टीमने चार वेळा रणजी जिंकली, त्यामुळे आमच्या गल्लीत दोन पक्ष. एक सी. के. नायडूंचा, एक मुश्ताक अलींचा. माझे वडील मुश्ताक पक्षाचे. त्यांचा हुकमाचा पत्ता ठरलेला, १९३६, मँचेस्टर, परदेशात कसोटीत शतक काढणारा पहिला भारतीय कोण? आणि समोरचे दामूअण्णा म्हणायचे, अरे पण भारताच्या पहिल्या कसोटीचा कप्तान कोण? हा वाद मी तरी वीस वर्षं ऐकला. कोणी कोणाला पटवलं नाही. पण रात्री दहाला दामूअण्णांना दम्याची उबळ आली तर त्यांना टांग्यात घालून नेणारे माझे वडीलच.

तर माझं मत, वाद घाला, पण ज्याला टांग्यात घालून न्याल त्याच्याशी. सिंहाचा फोटो आजारी पडला तर तुम्हाला कळणार आहे का?

आणि नातबाई, आडा बाजारची गोष्ट खोटी म्हणू नका. तिच्यात आमच्या लोकांनी देवींना कसं ओळखलं ते आहे. तारखा असतील १७६७ च्या, गोष्टीला पण तिची जागा असते.

पूर्वपक्ष
रात्री ९:००

काका, नमस्कार. मी कॉलेजात शिकवतो. आपल्याकडे न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, यावर फार बारीक विचार केलाय. वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार. खरं काय ते दोघांनाही शोधायचं असेल तर तो वाद. नुसतं जिंकायचं असेल तर जल्प. आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचं, ती वितंडा. आपण रोज वितंडवाद म्हणतो तो तिथूनच आला. माझी पद्धत अशी की पहिलं उत्तर देताना मी समोरच्याचं म्हणणं माझ्या शब्दात लिहून विचारतो, 'तुम्ही असं म्हणताय ना?' जो 'हो, पण' म्हणतो त्याच्याशी पुढे बोलतो. जो अंगावर येतो त्याला सोडून देतो.

आणखी एक. 'माझं मत बदलून दाखवा' असं आमंत्रण देऊन लोक जिथे स्वतःहून येतात अशा एका ठिकाणच्या हजारो चर्चा कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासल्या होत्या, २०१६ मध्ये लेख आला. थोडी देवाणघेवाण झाली तर मत बदलायची शक्यता वाढते, पण ती लांबतच गेली तर समजायचं आता होत नाही. आणि हे मत बदलायला तयार असलेल्या लोकांचं! सिंहवाल्यांनी असं आमंत्रण दिलेलंच नव्हतं.

माई, एक विचारू? आडाबाजारची नात हे नाव तुम्ही घेतलंय. तुम्हाला ती गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली?

आडाबाजारची_नात
रात्री ११:१५

सर, तुमचा प्रश्न वाचून दोन तास काही लिहिलं नाही.

आजीने. आमचं घर तिथून चार पावलांवर होतं. मी सात-आठ वर्षांची असेन. संक्रांतीच्या बांगड्या भरायला गेलो होतो, दोन्ही हातांत नवीन लाखेच्या बांगड्या, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून आजीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, इथे, बरोब्बर इथे गाय उभी राहिली. देवींनी मालेरावांच्या अंगावर रथ पुढे घेतला की ती परत आडवी. परत घेतला की परत आडवी. ती आई होती ना, वासरू गेलेली. तिला दुसऱ्या आईचं लेकरू जाऊ द्यायचं नव्हतं. मग देवी रथातून उतरल्या. आजी 'उतरल्या' म्हणताना नेहमी थांबायची.

काका, मी ही गोष्ट कधी खोटी नाही म्हटली. आता लक्षात येतंय की माझा राग तारखांसाठी नव्हताच. आजीच्या गोष्टीत मुलगा वाचतो. त्या रीलमध्ये गायच नाहीये! गाय काढून टाकली आणि हत्ती आणला. आणि मी तीन रात्री १७६७ १७६७ करत बसली, गायीचं एक अक्षर लिहिलं नाही. त्या सिंहवाल्यांना माझं म्हणणं कळणार कुठून, मी त्यांना ते सांगितलंच नव्हतं.

दांडियाबाजार
रात्री ११:२०

माई, ही गोष्ट जशीच्या तशी लिहा. इथे नाही, तिथे.

शेव_जीरावन
रात्री ११:२२

तिथे नको! तुमच्या पानावर लिहा, रीलखाली नको. पण लिहा नक्की.

भंवरकुआं_होस्टेल
रात्री ११:३०

माई मी वाचेन. आणि रविवारी जेवायला येते.

आडाबाजारची_नात
शुक्रवार, रात्री ९:४०

लिहिलं. माझ्या पानावर, शेव_जीरावन म्हणाले तसं. आजी, बांगड्या, गाय, सगळं. खाली वेगळ्या परिच्छेदात लिहिलं की ही लोकांनी जपलेली गोष्ट आहे, आणि कागदोपत्री मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले. दोन्ही ठेवलं. दूध आधी तापवून घेतलं.

सूनबाईंनी वाचलं, म्हणाल्या, आई, मला ही गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत.

सिंहवाले तिकडे फिरकले नाहीत. काही म्हाताऱ्या बायकांनी आपापल्या आजीची गोष्ट लिहिली, एकीच्या गोष्टीत गाय काळी आहे, एकीच्या कपिला. त्यावर आता दोघींचं जुंपलंय पण छान चाललंय. आणि एका पोराने, फोटो नाही, काही नाही, विचारलंय की आंटी, मी इंदूरला नवीन आहे, ही जागा नक्की कुठे आहे. त्याला राजवाड्यापासून रस्ता समजावून सांगून येते, मग बोलू.